सूट

शिरोली नाक्याच्या पुढं हायवेला लागून
लाद्या उभ्या होत्या, धुवायला आणलेल्या म्हशींसारख्या.
पोऱ्यानं बादलीतनं पाणी मारलं
की कुठं अंगावर रंग चढायचा.
"हे जेट ब्लॅक. हे टॅन ब्राऊन. आणि हे क्वार्ट्झ,
ह्याला डागच पडत नाही, काका,"
म्हणाला रमजान मुल्लाणी,
चुलत्याच्या दुकानात नवा, खिशात टेप.

शालन काही बोलली नाही. पर्स उघडली.
पर्समधनं पुडी, पुडीतनं यंदाची चटणी,
लसूण जरा जास्तच पडलेली,
आणि औषधाच्या बाटलीत गोडेतेल.
पांढऱ्याशुभ्र तुकड्यावर बोटानं कालवलं
नि म्हणाली, "आता चहा सांगा. अर्ध्या तासानं बघू."

अर्ध्या तासानं रमजान स्वतःच्या रुमालानं घासत होता.
नखाएवढा पिवळेपणा उरला.
मला तर चष्म्यानंही नीट दिसेना.
"काळं द्या," ती म्हणाली.

सिंकसाठी पिशवीतनं पातेलं आणलं होतं,
पांढऱ्या रश्श्याचं, चौदा इंची, एक कान वाकडा.
दोन खणांच्या सिंकात ते धड इकडं बसेना, धड तिकडं.
मी पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं,
ओतीवाला तडा आहे का बघतात तसं.
ठण्ण वाजला तो पातळ. धप्प वाजला तो घ्यावा.
तिनं मोठ्या खणात पातेलं आडवं केलं, गोल फिरवलं,
हात सगळीकडनं गेला.
माझा व्हर्नियर खिशातच राहिला.

"खाली प्लायची कपाटं करू या?"
"नको," आम्ही दोघं एकदम.
शुक्रवार पेठेत राहतो बाबा.
पंचगंगा दोनदा आत येऊन
आमचं स्वयंपाकघर बघून गेलीय.

बिलात त्यानं साडेसहाशेची सूट दिली.

सोमवारी तमाण्णा गवंडी आला, छिन्नी-हातोडा घेऊन.
जुना कडाप्पा दोन घावांत निघाला.
"उंची काय धरू?"
"होती तीच," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.
"वैनी, इथं उभं ऱ्हावा. कोपर वाकवा."
आणि कोपरापासनं फरशीपर्यंत दोरी सोडली.

उद्यमनगरात अडतीस वर्षं मी पॅटर्न मेकर.
पंपाच्या बॉड्या सागवानात कोरल्या.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच मोठं धरायचं, शंभराला एक.
त्याला आम्ही सूट म्हणतो.
झोपेतनं उठवलं तरी सांगेन कशाला किती.
हा ओटा बांधला त्या आठवड्यात
मी दुसऱ्या पाळीला होतो.
उंची मिस्त्रीनं ठरवली. का त्याच्या विटांनी.

दोरीवरनं हिशेब निघाला पस्तीस.
जुना होता साडेएकोणतीस.
साडेपाच इंच.
एकतीस वर्षं, रोजच्या भाकरी,
मी गुणाकार मांडायला घेतला
आणि मध्येच पाणी प्यायला उठलो.
ती कंबरेला हात लावून उठायची, ते मला
तिची सवय वाटायची. काहींना असते तशी.

"चौतीस धर, तमाण्णा," शालन म्हणाली.
"पस्तीस बसतंय की, वैनी."
"आज बसतंय. मी दरसाल जरा बारीक होत चाललोय.
ह्यांना विचार.
थंड पडत आलं की आकसतंय म्हणं."

तमाण्णा हसला. मला हसावं की काय कळेना.
त्यानं भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली, चौतीसला.
ती रेघेपाशी जाऊन उभी राहिली,
नसलेल्या ओट्यावर नसलेली भाकरी थापली,
एकदा, दोनदा, परातीत फिरवल्यासारखी,
मान कलती करून जरा थांबली,

आणि म्हणाली,
"दोन सूत वर घे."